विद्यापीठात ‘संशोधन’ म्हणून नेमकं काय काय चालतं? विदर्भातली उदाहरणं गोळा करू या

पळसबन

तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरापोरींना ‘संशोधन’ म्हटलं की पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या एवढंच डोळ्यांपुढे येतं. घरी विचारलं तर ‘पीएच.डी. म्हणजे जाडजूड पुस्तक लिहायचं’ असं उत्तर मिळतं. दोन्ही अर्धवट आहे. कोणी कपाशीची बोंडं फोडून अळ्या मोजतं, कोणी तेराव्या शतकातल्या ग्रंथाच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून पाहतं, कोणी भट्टीत युरिया पेटवून चमकणारी भुकटी बनवतं. तिघांचंही काम संशोधनच. पण पुरावा वेगळा, लागणारा वेळ वेगळा आणि फसण्याची जागाही वेगळी.

आपल्याकडे विद्यापीठं कमी नाहीत. नागपूर १९२३ चं, अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, अमरावती १९८३ चं, गडचिरोलीचं गोंडवाना २०११ चं. शिवाय नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान, रामटेकचं संस्कृत, वर्ध्याचं हिंदी आणि आता रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ. ज्यांना आपली शाखा आतून ठाऊक आहे त्यांनी सांगावं: कच्चा माल काय, काम कसं होतं, कुठे फसतं. नुसती विषयांची यादी नको. उदाहरण शक्यतो आपल्या भागातलं द्या.

बेसाल्ट

भूशास्त्रापासून सुरू करतो. वरोरा तालुक्यातलं पिजदुरा, संशोधनाच्या लेखांत ‘पिसदुरा’. तिथल्या लमेटा नावाच्या जुन्या गाळखडकांच्या थरात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. वय साधारण साडेसहा-सात कोटी वर्षं. या विष्ठेच्या अभ्यासावर २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख आला आणि जगभर गाजला. डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच, असं तोवर मानलं जायचं. या विष्ठेत गवताचे निदान पाच प्रकार सापडले.

गवत सापडलं म्हणजे पातं नव्हे. गवताच्या पेशींमध्ये सिलिका साचते. पातं ओढताना बोट कापतं ते तिच्यामुळेच. गवत कुजून गेलं तरी सिलिकेचे कण राहतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. कोणाचा आकार डमरूसारखा, कोणाचा खोगिरासारखा. आकारावरून गवताचा गट ओळखता येतो.

हे कण काढायची साधारण रीत अशी. नमुन्याचा बाहेरचा थर खरवडून टाकायचा, आतला थोडा भाग कुटायचा. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यातला चुना विरघळवायचा, मग सेंद्रिय भाग ऑक्सिडीकरणाने जाळायचा. नंतर साधारण २.३ घनतेच्या जड द्रावणात टाकायचं. फायटोलिथ हलके, ते वर तरंगतात, बाकीचे खनिजकण तळाशी बसतात. वरचा भाग काचपट्टीवर घेऊन ४०० पट मोठा करून पाहायचा.

फसतं ते बहुतेक पहिल्याच पायरीला. नमुना शेतात उघडा पडलेला असतो, त्यावर आजच्या गवताची धूळ बसलेली असते. बाहेरचा थर नीट काढला नाही तर गेल्या पावसाळ्यातलं गवत डायनोसॉरच्या पोटात जाऊन बसतं. म्हणून आजूबाजूच्या मातीचाही नमुना त्याच पद्धतीने तपासतात आणि दोन्हींची तुलना करतात. प्रबंध वाचताना ही तुलना दिली आहे का, ते आधी पाहा.

पळसबन

लोणारच्या उल्काविवराच्या वयाबद्दलही सांगा. पाठ्यपुस्तकात बावन्न हजार वर्षं, वर्तमानपत्रात पावणेसहा लाख. खरं कोणतं?

बेसाल्ट

बावन्न हजार हा आकडा थर्मोल्युमिनेसन्सचा. आघाताने तापलेल्या पदार्थात नंतर साठत गेलेली किरणोत्सर्गाची ऊर्जा मोजतात. ही साठवण भरली की पुढे वाढत नाही, कधी गळतेही. मग वय कमी दिसतं. ५ लाख ७० हजार हा आकडा आर्गॉन पद्धतीचा (खडकातलं पोटॅशियम मोडून आर्गॉन वायू किती साठला, त्यावरून वय), वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकावरचा, २०११ चा. तिथे धोका उलटा. मूळ बेसाल्टच साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्यातला जुना आर्गॉन पुरता उडाला नसेल तर वय फुगतं. त्या अभ्यासात त्यासाठी दुरुस्ती केलेली आहे, आणि आज अभ्यासक बहुतेक हाच आकडा धरतात. आकडा सांगताना पद्धतही सांगायची, ही सवय लावून घेतली तर निम्मे वाद मिटतात.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मात्र सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांचं क्षेत्र. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि क्षारात वाढणारे हॅलोआर्किया फोफावले. त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी.

काळी_माती

कृषीत संशोधन म्हणजे बहुतांशी वाफ्यातला प्रयोग. बाहेरून पाहणाऱ्याला ते साधी शेतीच वाटते, म्हणून रचना सविस्तर सांगतो.

समजा कपाशीत खताच्या पाच मात्रा तपासायच्या आहेत. एका वाफ्यात एक मात्रा देऊन उत्पन्न मोजलं तर तो फरक खताचा की जमिनीचा, हे कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक मात्रा चार गटांत पुन्हा पुन्हा लावतात आणि प्रत्येक गटात कोणती मात्रा कुठल्या वाफ्याला, हे चिठ्ठी टाकून ठरवतात. पाच मात्रा, चार गट: (५−१) × (४−१) = १२. ‘चुकीची स्वातंत्र्य संख्या’ (एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे वाफ्यावाफ्यांतल्या आपोआपच्या फरकाचा अंदाज किती भक्कम, ते सांगणारा आकडा) म्हणतात ती हीच, आणि ती निदान १२ असावी हा संकेत आहे. सात मात्रा असतील तर तीन गट पुरतात. पाच मात्रा आणि तीनच गट घेतलेला प्रबंध दिसला (संख्या ८), तर त्यातला ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष जपून वाचा. फरक असेलही, तो पकडायची ताकद त्या प्रयोगात नव्हती.

गट कसे पाडले, हे सगळ्यात महत्त्वाचं. शेताचा उतार पूर्वेकडे असेल तर वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला भारी माती असते. एका गटातले सगळे वाफे सारख्याच मातीत यायला हवेत, म्हणजे गटाची पट्टी उताराला आडवी. उताराच्या दिशेने पट्टी पाडली की पाचही मात्रा वेगवेगळ्या मातीत जातात आणि प्रयोग वाया. ही चूक नकाशात लगेच दिसते. पण कितीतरी प्रबंधांत नकाशा असतो आणि उताराचा बाण नसतो.

वाफ्याच्या कडेच्या ओळी उत्पन्नात धरत नाहीत. कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त मिळतो, शेजारच्या वाफ्यातलं खतही झिरपून येतं. आतल्या ओळींचं ते निव्वळ क्षेत्र, त्यावरूनच हेक्टरी उत्पन्न काढतात. आणि एका हंगामावर शिफारस होत नाही. आपल्याकडचा पाऊस पाहता दोन-तीन हंगाम लागतातच.

शेवटी तक्त्याखाली ‘क्रांतिक अंतर’ दिलेलं असतं. दोन मात्रांच्या उत्पन्नातला फरक त्या आकड्यापेक्षा कमी असेल तर दोन्ही सारख्याच समजायच्या. मग स्वस्त पडते ती घ्या.

काळी_माती

वरच्यात एक राहिलं. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी सहायक जो आकडा सांगतात, तो असल्याच कामातून आलेला आहे. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग सलग ३ रात्री, किंवा शेतात फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये अळी: एवढं झालं की फवारणी. हा आर्थिक नुकसानीचा उंबरठा. याच्या आधी फवारलं तर औषधाचा खर्च वाचलेल्या कापसापेक्षा जास्त होतो.

बोंडं तोडताना कडेच्याच झाडांची तोडली तर अंदाज चुकतो. शेतात तिरकं चालत, वेगवेगळ्या ओळींतून घ्यायची. आणि बाहेरून बोंड साबूत दिसलं तरी फोडून पाहायचं. अळी लहान असताना आत शिरते, छिद्र बुजून जातं. फुलाच्या पाकळ्या मिटून डोमकळी झाली असेल तर ती पहिली खूण.

मूस

भौतिक-रसायनवाल्यांकडून. विदर्भातल्या विद्यापीठांत प्रकाश देणाऱ्या भुकट्यांवर, म्हणजे फॉस्फरवर, बरीच वर्षं काम झालं आहे. एलईडी बल्बमधली चिप निळा उजेड देते. तिच्यावरचा पिवळा लेप त्यातला काही उजेड गिळून पिवळा परत देतो आणि डोळ्याला पांढरा दिसतो. तो लेप म्हणजे फॉस्फर. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो, त्यातही फॉस्फरच: कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोसियम. तो बिल्ला नंतर तापवतात. निघणाऱ्या उजेडावरून त्या माणसाला किती किरणं लागली ते कळतं.

बनवायची सोपी रीत ज्वलनाची. धातूंचे नायट्रेट आणि युरिया हिशेबाने तोलून थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचे आणि चिनी मातीच्या वाटीत घालून ५०० ते ५५० अंशांवर आधीच तापलेल्या भट्टीत ठेवायचे. पाणी उकळून आटतं, फेस येतो आणि काही सेकंद झगझगीत ज्वाळा उठते. पाच मिनिटांच्या आत वाटीत फुललेली पांढरी, पोकळ पोळी उरते. ती खलायची.

दिसायला सोपं, पण बिघडतं ते तोलण्यात. नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की १० ग्रॅममध्ये धातू कमी आणि पाणीच जास्त. युरिया कमी पडला तर तांबूस धूर निघतो आणि क्रिया अर्धवट राहते. जास्त झाला तर भुकटी करडी, कारण न जळालेला कोळसा उरतो. चमक देणारा घटक (वरच्या बिल्ल्यात डिस्प्रोसियम) शेकडा अर्धा ते पाच इतकाच घालतात. त्यापुढे त्याचे अणू इतके जवळ येतात की ऊर्जा एकमेकांतच फिरून विरते आणि चमक उलट घटते. म्हणून चांगल्या लेखात चमक-विरुद्ध-प्रमाण असा आलेख असतो आणि त्याला शेंडा असतो. नुसती चढती रेघ दाखवून थांबलेला अभ्यास अर्धा राहिलेला समजा.

पोथीपान

मूस, तुमच्याकडे पाच मिनिटांत पदार्थ तयार होतो आणि वर्षभरात लेख निघतो. आमच्याकडे एका ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती (सगळ्या पोथ्या ताडून ठरवलेला मजकूर) काढायला दहा वर्षं सहज जातात आणि नाव एकाच माणसाचं असतं. दोघांना एकाच फुटपट्टीने, ‘वर्षाला लेख किती’ या हिशेबाने मोजलं की आमच्या शाखेतले लोक पोथ्या सोडून सोपे लेख लिहायला लागतात. हे नुकसान कायमचं आहे. पोथ्या दरवर्षी वाळवीला जातात.

काम कसं चालतं ते महानुभावांच्या उदाहरणाने सांगते. म्हाइंभटांचं लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, लिहिलं गेलं रिद्धपूरला. मूळ प्रत धावपळीत हरवली आणि पुढे शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभी केली, अशी परंपरा सांगते. म्हणून आज हातात येणाऱ्या पोथ्यांमध्ये पाठ, म्हणजे एकाच जागचे शब्द, वेगवेगळे. त्यातून बऱ्याच पोथ्या सांकेतिक लिपीत. सकळ लिपी ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध, अक्षरांची अदलाबदल करून बांधलेली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये निघालं, त्यामागे अशाच ताडून पाहण्याचं काम आहे.

पायऱ्या: आधी पोथ्यांचा शोध आणि नोंद (पानं किती, एका पानावर ओळी किती, आकार, शेवटी लेखकाने दिलेला शक). मग लिप्यंतर. मग एक पोथी आधाराला धरून बाकीच्या पोथ्यांतला प्रत्येक वेगळा शब्द तळटीपेत. सगळ्यात जुनी पोथी सगळ्यात शुद्ध असतेच असं नाही. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक असेल तर त्या एका घराण्यातल्या. मग त्यांची मतं दोन धरायची नाहीत, एकच धरायचं. नवशिक्यांचा हात हमखास इथेच चुकतो: सहा पोथ्यांत एक पाठ आणि दोनांत दुसरा, म्हणून सहांचा खरा मानतात. सहाही एकाच प्रतीवरून उतरलेल्या निघतात.

गावात कोणाकडे जुनी पोथी असेल तर तिला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. फोटो घेताना फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा, शेजारी मोजपट्टी, पानं क्रमाने, कोरी पानंसुद्धा. शिलाईची नसलेली सुटी पानं असतील तर क्रम आधी लिहून घ्या, मगच उचला.

झाडीपट्टी

पोथीपानताईंशी सहमत. भाषेच्या अभ्यासात तर कच्चा माल माणसाच्या तोंडातच असतो. विदर्भ यासाठी फार श्रीमंत आहे: मराठीच्या वऱ्हाडी आणि झाडीबोली, द्राविडी कुळातल्या गोंडी आणि कोलामी, मेळघाटातली मुंडा गटातली कोरकू, आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली, जी कोणत्याच कुळात बसत नाही. चार दिशांच्या भाषा एवढ्या जवळ नांदतात असे प्रदेश मोजकेच.

नवीन विद्यार्थी शब्दयादी घेऊन जातो आणि विचारतो, ‘तुम्ही डोळ्याला काय म्हणता?’ समोरचा पाहुण्याला समजावं म्हणून ‘डोळा’च म्हणतो. यादी भरते, बोली हातात येत नाही. वऱ्हाडीत तोच माणूस नातवाला ‘डोया’ म्हणतो, झाडीबोलीत ‘डोरा’. म्हणून शब्द न उच्चारता बोटाने दाखवायचं किंवा काम सांगायला लावायचं. भाताचे पऱ्हे (रोपं) कसे टाकतात, रोवणी (लावणी) कशी होते, बांधीत (भाताच्या खाचरात) पाणी कसं अडवतात. कोरडवाहूत तिफण, वखर, डवरा कसा जोडतात. माणूस कामात रमला की बोली आपोआप येते.

ध्वनिमुद्रण वॉव्ह (WAV) या आवाज न दाबणाऱ्या फाइलीत घ्यायचं. फोनवरची नेहमीची सोय आवाज दाबते आणि मागचा गोंगाट कापताना ‘स’, ‘ह’ यांचे बारकावेही कापते. पंखा बंद, टिनाच्या छपराखाली नाही. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा, मधला वापरायचा, कारण यादीतला शेवटचा उच्चार ओढला जातो. वय, गाव, सासर-माहेर लिहायचंच. लग्न होऊन आलेल्या बाईची बोली दोन गावांची असते. तिला ‘या गावची भाषक’ म्हणून नोंदवलं की नकाशाच चुकतो.

आकडेमोड

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य या शाखांत भरपूर प्रबंध होतात आणि ढिले प्रबंधही इथे बरेच सापडतात. म्हणून स्पष्ट लिहितो.

‘नमुना ३८४’ हा आकडा कुठेही दिसेल. तो येतो असा: १.९६ चा वर्ग × ०.२५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६. अर्थ एवढाच की मोठ्या लोकसंख्येतून निव्वळ चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली, तर टक्केवारीत पाच टक्क्यांपर्यंत चूक धरून चालेल. पण प्रत्यक्षात आठ गावं निवडतात आणि प्रत्येक गावातून ४८ घरं घेतात. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तोच पाऊस, तीच सोसायटी, तोच कृषी केंद्रवाला. मग ३८४ घरांची माहिती खरं तर त्याहून कमी घरांएवढीच. त्यासाठी नमुना दीडपट-दुप्पट करावा लागतो. गावं जास्त आणि प्रत्येक गावातली घरं कमी, हा त्याहून चांगला मार्ग. आठऐवजी २४ गावं आणि प्रत्येकी १६ घरं. पायपीट वाढते, पण उत्तर खरं मिळतं.

दुसरी अडचण शेतीच्या आकड्यांची. सातबारावर नाव एकाचं, कसणारा दुसरा, मक्त्याने किंवा बटईने. ‘तुमची शेती किती?’ असं विचारलं की नावावरची सांगतात. ‘यंदा किती एकर पेरलं?’ असं विचारायचं. नावावरची आणि कसलेली अशी दोन वेगळी खानं ठेवायची. खर्च मे महिन्यात विचारला तर कपाशीच्या चार वेचण्यांची मजुरी कोणालाही आठवत नाही, सगळे गोल आकडे येतात. ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी जाऊन लिहून घ्यायला हवं. आणि खर्च कोणता, तेही लिहायला हवं: फक्त खिशातून गेलेला, की घरच्या माणसांची मजुरी धरून, की स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरून. हमीभावाच्या भांडणात दोन्ही बाजू खरं बोलत असतात, कारण दोघांचे खर्चच वेगळे असतात.

काय-वर्ग चाचणीच्या (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, ते पाहणाऱ्या) तक्त्यात शेकडा वीसहून जास्त खान्यांत अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असेल तर तिच्या निकालावर विसंबू नका.

निदान

आरोग्यात विदर्भाने जगाला दिलेलं ठळक काम गडचिरोलीचं. विद्यापीठातलं नव्हे, ‘सर्च’ या संस्थेचं, पण पद्धत शिकायला उत्तम. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या चमूने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची व्यवस्था उभी केली, ४७ गावं तुलनेला ठेवली. आधी १९९३ ते ९५ नुसत्या नोंदी केल्या, मग काम सुरू. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबात सुमारे ६२ टक्क्यांनी कमी निघाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आधीची दोन वर्षं नुसत्या नोंदींना दिली, हीच यातली सगळ्यात भक्कम गोष्ट. तुलनेला काही नसतं तर ‘तसंही कमी झालं असतं’ म्हणायला कोणीही मोकळा होता.

सिकलसेलवरचे प्रबंध वाचताना दोन गोष्टी पाहा. एक, तपासणी कोणती. विद्राव्यता चाचणीत नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की ‘आहे’ म्हणतात. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि रक्त फार कमी असलेल्या माणसात ती चुकून ‘नाही’ही म्हणते. नक्की करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) लागतं, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नसावं. दोन, नमुना कुठला. शिबिरात येतात ते आधीच दुखणाईत असलेले. शिबिरातली टक्केवारी गावाची म्हणून छापली की आकडा फुगतो.

पळसबन

इतिहासवाल्यांनीही लिहावं.

पोथीपान

थोडक्यात सांगते. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांची दप्तरं वेगळी, कारण राज्यव्यवस्थाच वेगळी होती. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. तिथे रयतवारी, म्हणजे नोंद शेतकऱ्याच्या नावाची. नागपूर, भंडारा, चांदा भागात मालगुजारी, नोंद गावाच्या मालकाची. म्हणून अकोल्यातल्या एका कुणब्याच्या जमिनीचा माग लागतो, तर भंडाऱ्यात त्याच काळातलं कूळ शोधायला बंदोबस्ताचे (जमिनीचा सारा ठरवतानाचे) अहवाल चाळावे लागतात. मामा (माजी मालगुजारी) तलावांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हीच मालगुजारी कागदपत्रं सोन्यासारखी: पाळ कोणी बांधली, पाणी कोणाच्या बांधीला आधी, सगळं त्यात मिळतं.

ग्रंथपाल_तालुका

हे सगळं वाचायला कुठे मिळतं ते सांगते. युजीसीखालच्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर फुकट आहेत. २००९ च्या नियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक झालं. सुरू असलेल्या कामांचे आराखडे ‘शोधगंगोत्री’वर. कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे शोधू नका, ते ‘कृषिकोश’वर.

मराठी प्रबंध शोधताना हाती काही लागत नाही, याचं कारण बहुधा फाँट. जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले किंवा स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधात येत नाही. नाव रोमन लिपीत नोंदवलेलं असतं. म्हणून रोमन अक्षरांत शोधा आणि स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. वऱ्हाडासाठी ‘बेरार’ टाकून बघाच. एवढ्याने पुष्कळ निघतं.

प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फायलींत असतो. पहिल्यापासून वाचू नका. आधी पद्धतीचं प्रकरण, मग तक्ते, मग निष्कर्ष. परिशिष्ट चुकवू नका. प्रश्नावली, शब्दयाद्या, गावांची नावं तिथेच असतात, आणि पुढच्या अभ्यासकाला तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

दर्यापूरकडचा

खारपाणपट्ट्यावर एखादी शाखा काम करते का? आमच्याकडे विहिरीचं पाणी जनावरही तोंडात धरत नाही.

काळी_माती

भाऊ, एक नाही, पाच-सहा शाखा करतात, आणि त्यांचे प्रबंध एकत्र ठेवून वाचायला हवेत. मृदाशास्त्रवाले ०–३०, ३०–६०, ६०–९० सेंटिमीटर अशा थरांतली माती घेऊन विनिमयक्षम सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची) टक्केवारी आणि पाणी झिरपण्याचा वेग काढतात. पुस्तकी नियमाने टक्केवारी १५ च्या वर गेली की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या चिकण मातीत १५ च्या कितीतरी खालीच निचरा बिघडतो, हे याच अभ्यासांतून पुढे आलं. म्हणून अहवालात १५ च्या आत आकडा दिसला तरी निर्धास्त राहू नका, झिरपण्याचा वेग विचारा. भूजलवाले गाळाच्या थरांचा आणि खोलीचा अभ्यास करतात, वैद्यकीयवाले किडनीच्या आजारांचा, समाजशास्त्रवाले टँकर आणि पाणी वाहणाऱ्या बायांचा.

तुमच्या पाण्याचा नमुना द्यायचा असेल तर: एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्याने तीनदा खंगाळलेली. पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग भरायची, काठोकाठ. नाव, तारीख, विहीर की बोअर, खोली लिहायची आणि थंड ठेवून लवकरात लवकर पोचवायची. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १.५ च्या वर नको, नायट्रेट ४५ च्या वर नको.

नवीन_सभासद

काटोल रोडकडे आमच्या नात्यातल्या शेतात मोठ्या गोट्यांचं गोल कुंपणासारखं आहे. ट्रॅक्टरला अडचण होते म्हणून काढायचं म्हणतात. त्याचं काही महत्त्व असतं का?

शिळावर्तुळ

काढू देऊ नका, आजच निरोप द्या. ते बहुधा महापाषाणीय शिळावर्तुळ, म्हणजे मोठे दगड गोल मांडून केलेली प्राचीन दफनाची जागा, आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथली वर्तुळं तशीच. बांधून झाली त्याला अडीच हजार वर्षं होऊन गेली. आत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडलेत. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली.

उत्खनन करताना वर्तुळाचे चार पाव भाग करतात आणि समोरासमोरचे दोनच आधी खणतात. उरलेल्या दोन भागांच्या उभ्या कडेवर मातीचे थर दिसतात, मडकं कोणत्या थरातलं ते तिथून ठरतं. कोळशाचा तुकडा सापडला तर हात न लावता चिमट्याने अॅल्युमिनियमच्या कागदात घेतात, कारण हाताच्या तेलातला आजचा कार्बन वय कमी दाखवतो. कडेचे गोटे एकदा हलवले की मोजायलाच काही उरत नाही. घरी खणून पाहणं तर नकोच. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. खणायला परवाना लागतो, आणि खड्डा पडला की अभ्यासकाच्या उपयोगाची जागा गेली.

तुम्ही एवढं करा. दोन दिशांनी व्यास मोजा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. गोटे मोजा, सर्वांत मोठ्याची उंची लिहा. मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे का ते पाहा. चारही बाजूंनी फोटो, प्रत्येकात मीटरची काठी उभी. फोनवरून अक्षांश-रेखांश आणि गट नंबर. हे राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला लेखी पाठवा आणि पोच घ्या. तोवर कडेच्या गोट्यांपासून दोन-तीन मीटर सोडून वखरा. आता शेतात तूर उभी असेल तर फोटोची घाई नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर निघून गवत वाळलेलं असतं, सकाळच्या तिरप्या उन्हात मातीत बुडालेले गोटेही सावलीवरून ओळखू येतात.